दुभाषी मामांचे नऊ महिने

कोणी बोलू लागले की मामा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नसत. मान किंचित झुकलेली, नजर जमिनीवर आणि ओठ अगदी थोडे हलत असलेले. लग्नापूर्वी मी त्यांच्या अड्यारच्या घरी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझे गाव, शिक्षण, नोकरी यांची माहिती सांगत असताना समोरचा गृहस्थ जप करतो आहे असे मला वाटले आणि मी मध्येच थांबलो. त्यांची मुलगी वसुधा, जी पुढे माझी पत्नी झाली, हसून म्हणाली, "थांबू नकोस. अप्पा तुला तमिळमध्ये ऐकतायत. सवय आहे त्यांची."

मामा कोर्टात दुभाषी होते. तंजावरहून आलेले मराठी घराणे, घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. तेलुगू आणि हिंदी त्यांनी पुढे नोकरीसाठी मिळवल्या होत्या. तीस-बत्तीस वर्षे ते एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानापर्यंत नेत राहिले. त्यांची मराठी माझ्या मराठीहून फार जुनी होती. 'इकडे' या शब्दाऐवजी ते 'हिंगडे' म्हणत, आणि मान्य असले की तमिळ 'सेरी'. मला ते 'माप्पिळै' म्हणत. तमिळमध्ये जावयाला म्हणतात ते. हाक घरगुती असली तरी तिच्यापुढे 'तुम्ही' कधी चुकले नाही. मी साताऱ्याकडचा. सुरुवातीला त्यांचे बोलणे ऐकताना मला जुन्या बखरीतला एखादा कारकून फिल्टर कॉफी पीत समोर बसला आहे असे वाटे.

त्यांच्या नोकरीतला एक प्रसंग ते पुन्हा पुन्हा सांगत. सोने गाळण्याचा धंदा करणारी सांगलीकडची कुटुंबे या शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्यातला एक साक्षीदार एकदा पिंजऱ्यात उभा होता. वकिलाने विचारले, "हा माणूस त्या दिवशी दुकानात होता का?" साक्षीदार म्हणाला, "व्हय. न्हाय. म्हंजी, व्हय." मामांनी न्यायाधीशांना इंग्रजीत तेच सांगितले, तीनही तुकडे, मधल्या थांब्यांसकट. वकील चिडला. हो की नाही ते एकदाच सांगा म्हणाला. मामा म्हणाले, "साक्षीनें अजून ठरविलें नाहीं. त्याच्या बदली मी कसें ठरवूं?" हे सांगून झाले की ते आमच्याकडे पाहत, आणि आम्ही शंभराव्यांदा हसत असू.

वाढवायचे नाही आणि गाळायचे नाही, हा नियम ते निवृत्तीनंतर घरातही पाळत. इमारतीचा बिहारी वॉचमन आणि फुले विकणारी तमिळ बाई यांचे भांडण जुंपले की मामांना खाली बोलावणे येई, आणि मामा दोघांच्या शिव्या एकमेकांपर्यंत निष्ठेने पोहोचवत. वसुधा गॅलरीतून ओरडे, "अप्पा, शिव्या कशाला सांगता?" मामा वर न पाहता म्हणत, "शिवी गाळली तर भांडण कशाचें होतें तें कळेल कसें?" आश्चर्य म्हणजे ती भांडणे लवकर मिटत. आपली शिवी तिसऱ्या माणसाच्या शांत आवाजात ऐकली की देणाऱ्यालाच ओशाळल्यासारखे होत असावे.

रविवारी सकाळी ते बसने कोवलमला जात. होड्या वाळूवर ओढून घेतल्या की तिथेच मासळीचा लिलाव होई, तो त्यांना ऐकायचा असे. मासे घेणे हे निमित्त. कोळणी त्यांना ओळखत. "कोर्टय्या आले, आता माशाची उलटतपासणी," असे एक जण दर वेळी म्हणे, आणि मामा सुरमईचे कल्ले उघडून पाहत तिला खरेच प्रश्न विचारत: केव्हाची, कोणाच्या होडीतली, बर्फात होती का. मी अनेक रविवारी बरोबर गेलो. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसून मागच्या सीटवरचे संभाषण पुटपुटत इंग्रजीत नेत असत. फुकटचा सराव, म्हणत.

सत्तरीनंतर त्यांचे कान गेले. यंत्र लावले, पण त्यात सगळे आवाज सारख्याच मापाने येतात आणि माणूस कोणता, पंखा कोणता ते समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. यंत्र डबीत राहू लागले. बँकेत, दवाखान्यात मी बरोबर जाई आणि समोरच्याचे बोलणे त्यांच्या उजव्या कानाशी मराठीत सांगे. पहिल्यांदा तसे केले तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला. "आतां तुम्ही माझे दुभाषी, माप्पिळै." मला त्या वेळी अभिमान वाटला होता. हे नमूद करायला हवे.

पाठ दुखते म्हणून केलेल्या तपासण्यांत प्रोस्टेटचा कर्करोग निघाला आणि तो हाडांपर्यंत गेला होता. मामा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. उपचार म्हणजे दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. शरीरातले पुरुषी संप्रेरक त्याने बंद पडते आणि रोगाचे खाद्य तुटते. औषध चांगले लागू पडले. पीएसए नावाचा रक्तातला आकडा, जो या रोगात चढतो, तो खाली आला आणि खालीच राहिला. पाठीचे दुखणे थांबले. मी ओरगडमच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. घसरणारी रेषा पाहून समाधान होण्याची मला सवय आहे. मी त्या आकड्यांचा आलेख काढून फ्रिजच्या दारावर लावला.

आलेखात जे येत नव्हते ते घरात दिसत होते. मामांच्या अंगातून गरम वाफा निघत. दिवसातून सात-आठ वेळा त्यांचा चेहरा लाल होई, बनियन भिजे, आणि ते खांद्यावरच्या ओल्या पंच्याने मान पुसत बसत. पायांतली ताकद गेली. छातीला हात लागला तरी दुखे. हे सगळे ते सांगत, तपशीलवार, साक्ष दिल्यासारखे. पण एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. कोवलमला जाऊ या म्हणून मी आग्रह करत होतो. ते म्हणाले, "जायला हरकत नाहीं. पण जावेंसें वाटत नाहीं. राग पण येत नाहीं, रडूं येतें तें पण माझें नव्हे. कोण्ही परकाच हिंगडे बसून रडतो." मी म्हणालो, होईल हळूहळू ठीक. ते जमिनीकडे पाहत होते. ओठ हलत नव्हते.

दीड वर्ष झाले तेव्हा डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवले. त्या तमिळ आणि इंग्रजी मिसळून, तोंडाला मास्क लावून, भरभर बोलत. मामांना त्यातले काही कळणे शक्य नव्हते. त्या म्हणाल्या की आकडा इतके महिने खाली आहे, तेव्हा दोन वाटा आहेत. इंजेक्शन सलग चालू ठेवायचे, हाडांपर्यंत गेलेल्या रोगात नेहमीची पद्धत तीच. किंवा काही काळ थांबवायचे, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचे आणि आकडा चढला किंवा दुखू लागले की पुन्हा सुरू करायचे. थांबवल्याने आयुष्य काही महिन्यांनी कमी होऊ शकेल, कदाचित होणारही नाही, हे नक्की सांगता येत नाही. मात्र अनेकांना त्या काळात बरे वाटते, सगळ्यांना नाही. मामांना होणारा त्रास पाहता दोन्हीपैकी काहीही निवडले तरी डॉक्टरबाईंची हरकत नव्हती. "त्यांना काय हवं आहे ते त्यांना विचारा," त्या म्हणाल्या.

मी मामांच्या उजव्या कानाशी झुकलो आणि म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन चालूच ठेवायला हवं."

मामांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. "इतकें बोलली, तें एवढेंच?"

"बाकी तपशील आहेत, मामा. आकड्यांचे."

"सेरी," ते म्हणाले आणि बाही वर करू लागले.

मी हे का केले, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. वसुधाची आई आदल्याच वर्षी गेली होती आणि वडिलांच्या बाबतीत 'कमी होऊ शकेल' हे शब्द तिच्यापर्यंत जाऊ नयेत असे मला वाटले, हे खरे आहे. पण ते पुरेसे खरे नाही. थांबवले असते तर दर तीन महिन्यांनी आकड्याची वाट पाहावी लागली असती आणि दर वेळी नव्याने ठरवावे लागले असते. चालू ठेवले की कोणालाच काही ठरवावे लागत नाही. कारखान्यात चालणारी लाइन थांबवणाऱ्याला जाब विचारला जातो. चालू ठेवणाऱ्याला कोणी विचारत नाही. मला तो जाब नको होता. मामांच्या शरीराचा निर्णय मी माझ्या सोयीने घेतला आणि तो डॉक्टरांच्या तोंडी घातला.

त्यानंतर तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी पुन्हा. डॉक्टरबाई विचारत, "सलगच ठेवायचं ना?" आणि मी, मामांकडे न वळता, हो म्हणे. दोन्ही वेळा दुरुस्त करता आले असते. एकदा तर मी त्यांच्या कानाशी झुकलोही, आणि विचारले, "पाणी हवं का?"

तिसऱ्या खेपेला कारखान्यात मोठी तपासणी होती, म्हणून वसुधा त्यांना घेऊन गेली. डॉक्टरबाईंनी सहज विचारले की मागे दोन पर्याय सांगितले होते, त्यातला सलग उपचार तुम्ही निवडलात, अजून तोच हवा आहे का? वसुधाने ते जसेच्या तसे वडिलांच्या कानात सांगितले. तिला त्यात काही वावगे दिसले नव्हते. मामा थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतः डॉक्टरबाईंना तमिळमध्ये सांगितले की आज इंजेक्शन नको, दोन दिवसांत कळवतो.

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा वसुधा दारात होती. तिने माझी बॅग घेतली नाही, जी ती एरवी घेते. "अप्पांना उद्या सकाळी तुझ्याशी बोलायचं आहे," एवढेच म्हणाली. डॉक्टरबाईंच्या त्या प्रश्नाचा अर्थ घरी येईपर्यंत तिच्याही लक्षात आला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मामा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, ओला पंचा खांद्यावर. त्यांनी उजवीकडच्या स्टुलाकडे बोट दाखवले. "हिंगडे बसा." मी बसलो.

"त्या दिवशीं डॉक्टरीण किती वेळ बोलली?"

"दोन-तीन मिनिटं."

"तुम्ही किती सांगितलेंत?"

"एक वाक्य."

"तें वाक्य तिचें होतें?"

मी त्यांच्या कानाशी झुकलो.

"नाही, मामा. माझं होतं."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपे गेले असते. पण रागवायला लागते ते त्यांच्यात उरले नव्हते, आणि ते कशामुळे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. "कोर्टांत तुम्हांला एक दिवस ठेवलें नसतें, माप्पिळै," ते शांतपणे म्हणाले. "सेरी. आतां तिचें सांगा. सगळें. होतें तसें."

नऊ महिन्यांनंतर मी ते बोलणे सांगायला बसलो. सलग ठेवणे ही नेहमीची पद्धत आहे, हे मी आधी सांगितले. मग म्हणालो, "थांबवलं तर थोडा धोका आहे असं—"

"'धोका' तिनें म्हटलें?"

"नाही. आयुष्य काही महिन्यांनी कमी होऊ शकेल, असं म्हणाल्या."

"होईल म्हणाली, कीं होऊं शकेल?"

"होऊ शकेल. कदाचित होणारही नाही. नक्की सांगता येत नाही, असं म्हणाल्या."

"तिला ठाऊक नाहीं, हें ती सांगत होती. आणि तुम्ही तिला सगळें ठाऊक करून टाकलेंत." ते थांबले, मानेवरचा घाम पुसला. "पुढें?"

मी पुढचे सांगितले. बरे वाटण्याचे, सगळ्यांना न वाटण्याचे, रक्ताच्या तपासणीचे. प्रत्येक वाक्यानंतर ते 'पुढें' म्हणत. शेवटी माझ्याकडे एकच वाक्य उरले आणि ते सांगताना मला त्यांच्याकडे पाहवेना. "आणि म्हणाल्या, त्यांना काय हवं आहे ते त्यांना विचारा."

खाली रस्त्यावर कोणी टेम्पो मागे घेत होते. मग मामा म्हणाले, "वसुधाला बोलवा."

ती आली आणि माझ्याकडे न पाहता त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी तिला सांगितले की इंजेक्शन थांबवायचे आहे. ती मोठ्याने म्हणाली, "अप्पा, पण खरंच दिवस कमी झाले तर?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आतां पण मी कोठें आहें, पोरी? खुर्ची आहे, पंचा आहे. बाकी काय आहे?" ती रडली. मी स्टुलावर बसून राहिलो. काही वाटत होते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. हातपाय बधिर झाल्यासारखे होते, आणि मामा इतके महिने असेच असतील का, एवढाच एक विचार मनात येऊन गेला.

पहिले दोन-तीन महिने काहीच बदलले नाही. मग पंचा कोरडा राहू लागला. मग एका सकाळी ते वाटीतल्या उपम्यावरून वसुधावर खेकसले, मीठ घालायला विसरलीस का म्हणून, आणि ती स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर रडत हसली. त्या महिन्यांत ती माझ्याशी कामापुरते बोलत होती. तेवढा एक क्षण अपवाद होता. पाचव्या महिन्यात मामा कोवलमच्या बसमध्ये कंडक्टरशी भांडले आणि मासळीच्या लिलावात उभे राहून दमले. वाळूवर बसकण मारून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सगळें आलें नाहीं. अर्धें आलें," ते म्हणाले. त्यांनी यात 'पण' घातला नाही. मीही घालत नाही.

आठव्या महिन्यात आकडा चढला आणि पाठ पुन्हा दुखू लागली. इंजेक्शन सुरू झाले. वाफा परत आल्या. औषध या खेपेला वर्षभरही टिकले नाही. मी डॉक्टरबाईंना एकट्याने गाठून विचारले, थांबवले नसते तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. खरंच नाही." मग मी विचारले, थांबवायचेच होते तर नऊ महिने आधी थांबवले असते तर? त्यांनी तेच उत्तर दिले. इंजेक्शन थांबून त्या नऊ महिन्यांत पायांत जोर आला असता तर मामा किती रविवार कोवलमला गेले असते, हे मात्र मला डॉक्टरांना विचारायची गरज नव्हती.

शेवटच्या भेटीच्या वेळी मामा चाकाच्या खुर्चीत होते. वसुधा मागे उभी होती. अहवाल चाळून डॉक्टरबाईंनी नर्सला खूण केली आणि मला हळूच म्हणाल्या, "त्यांना जरा बाहेर बसवू या का? तुमच्याशी बोलते." आपल्याकडे असेच करतात. माणसाला बाहेर बसवतात आणि त्याच्याविषयी आत बोलतात. नर्सने खुर्चीच्या मुठी धरल्याही होत्या.

मी म्हणालो, "नको. इथेच सांगा. हळू बोला, वाक्य झालं की थांबा."

त्या बोलल्या. मी एकेक वाक्य त्यांच्या कानापाशी नेले. आणखी औषधांचा उपयोग आता फारसा होणार नाही. दुखणे कमी ठेवता येईल. काही आठवडे, कदाचित महिना-दोन महिने. नक्की सांगता येत नाही, हेही. एका ठिकाणी माझी मराठी संपली आणि मी थांबलो. मामांनी घाई केली नाही. वसुधाने माझ्या पाठीवर हात ठेवला, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा, आणि मी उरलेले सांगितले.

मामांनी डॉक्टरबाईंचे आभार मानले. मग मला म्हणाले, "घरीं जाऊं. तहान लागली आहे."

ते त्यानंतर एकोणीस दिवस होते. त्या दिवसांत आम्ही पुष्कळ बोललो, हवेविषयी, खालच्या वॉचमनविषयी, वसुधाच्या उपम्याविषयी. त्या नऊ महिन्यांबद्दल मी क्षमा मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी दिली असती, आणि मला ती त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट घेतल्यासारखी वाटली असती.